धाराशिवची वेलांटी

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग मागे पडलं की थोड्याच वेळात जळकोट येतं. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. हा पत्ता मोबाइलवर मराठीत टाइप करायला आज कुणालाच अडचण येत नाही. पण हाच पत्ता जावा भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला पीडीएफवर छापायला सांगितला आणि त्यातलं पीडीएफ बनवणारं साधन देवनागरीची अक्षरजुळणी न जाणणारं निघालं, तर कागदावर भलतंच काही उमटतं. ‘जळकोट’ बरोबर येतं. ‘तुळजापूर’ही बरोबर येतं. ‘धाराशिव’चं मात्र ‘धाराशवि’ होतं.

कारण साधं आहे. संगणक ‘शि’ साठवतो तो उच्चाराच्या क्रमाने, आधी श आणि मग इकार. कागदावर मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढायची असते. ही अदलाबदल फाँट आणि अक्षरजुळणी करणारी प्रणाली मिळून करतात. ती झालीच नाही तर वेलांटी श नंतर पडते आणि वाचणाऱ्याला ती पुढच्या व ची वाटते. काना, ओकार, उकार यांना अशी उडी मारावी लागत नाही, म्हणून ‘जळकोट’ सुखरूप सुटतं. गंमत अशी, की प्रोग्राम लिहिणाऱ्या जळकोटच्या एखाद्या मुलाने आपल्या गावाचं नाव छापून पाहिलं आणि समाधानाने प्रोग्राम पुढे दिला, तर चूक तेव्हा पकडलीच जाणार नाही. ती ‘जि.’पाशी दिसेल, ‘विहीर’पाशी दिसेल, आणि ‘क्षेत्र’ या रकान्यात तर जोडाक्षर फुटून तुकडे होतील. सात-बारा वाचणाऱ्याला हे तिन्ही शब्द रोजचे.

जावात पीडीएफ करायचं म्हटलं की ‘आयटेक्स्ट’ हे नाव पुढे येतं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरीची ही जुळणी नीट होत नव्हती. पुढे ती ‘पीडीएफकॅलिग्राफ’ नावाच्या वेगळ्या, विकतच्या जोडणीतून आली. ज्याच्याकडे ती घ्यायला पैसे नाहीत तो दुसरी वाट धरतो. जावातून बाहेर पडायचं, लिब्रे ऑफिससारख्या फुकट मिळणाऱ्या साधनाला हाक मारायची, ‘ही फाइल घे, पीडीएफ करून दे’ म्हणायचं आणि तयार कागद घेऊन परत यायचं. जुने स्कॅन केलेले मराठी कागद वाचून घ्यायचे असतील तर ‘टेसरॅक्ट’ला हाक मारायची; त्याला मराठी वाचता येतं. म्हणजे जावा प्रोग्रामातून बाहेरची आज्ञा चालवणं हा काही मोठ्या शहरातल्या कंपन्यांपुरता विषय नाही. मराठी अक्षर नीट उमटावं म्हणून लहान गावातल्या, लहान कार्यालयातल्या प्रोग्रामलाही हे करावं लागतं.

आणि इथेच बहुतेक प्रोग्राम अडकतात.

अडकले की काय होतं, हे कार्यालयाच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘सर्व्हर डाऊन आहे काका, दुपारी या.’ आतला मुलगा खोटं बोलत नसतो. त्याच्या पडद्यावर फक्त एक चकती फिरत असते आणि त्याला त्याहून जास्त काही सांगितलेलंच नसतं. सर्व्हर मात्र अनेकदा चांगला चालू असतो. झालेलं असतं एवढंच, की एका प्रोग्रामने दुसऱ्याला काम सांगितलं, दुसऱ्याने तक्रार केली आणि पहिल्याने ती ऐकली नाही. आपल्याकडच्या संगणकीकरणात दुर्लक्षित राहिलेली गोष्ट हीच आहे. प्रोग्राम लिहायला शिकवलं जातं. बिघडलेल्या प्रोग्रामचं म्हणणं ऐकायला शिकवलं जात नाही.

हे ऐकणं म्हणजे नेमकं काय, ते एका बिघाडातून पाहता येईल. जावाने बाहेरची आज्ञा सुरू केली की त्या आज्ञेला बोलायला दोन वाटा मिळतात. एक उत्तराची, स्टँडर्ड आउटपुट. दुसरी तक्रारीची, स्टँडर्ड एरर. दोन्ही वाटा म्हणजे पाइप, आणि पाइपला माप असतं. लिनक्सवर ते साधारणपणे 65,536 बाइट. आज्ञा पाइपमध्ये लिहीत जाते, जावाने पलीकडून वाचत जायचं. जावा वाचत नसेल तर पाइप भरतो, आणि भरला की लिहिणारा जागच्या जागी थांबतो. त्याच वेळी जावा ‘वेटफॉर’ म्हणून, म्हणजे हा संपेपर्यंत थांबतो म्हणून, वाट पाहत बसलेला असतो. आज्ञा जावाची वाट पाहते, जावा आज्ञेची. दोघंही निर्दोष दिसतात आणि काम पुढे सरकत नाही.

देवनागरीचा प्रत्येक घटक यूटीएफ-8 या साठवणपद्धतीत तीन बाइट खातो. इंग्रजी तक्रारीची साठ-पासष्ट हजार अक्षरं मावतील त्या पाइपमध्ये मराठीचे जेमतेम 21,845 घटक मावतात, आणि त्यात काना-मात्रा-वेलांटी सगळं वेगवेगळं मोजायचं. समजा, एखादं साधन प्रत्येक नोंदीमागे खातेदाराच्या नावासकट एक ओळीची सूचना देतं. दहा नोंदींवर तपासलेला प्रोग्राम झटक्यात चालेल. तोच प्रोग्राम अख्ख्या गावाच्या यादीवर लावला की मध्येच कुठेतरी गोठेल. लिहिणारा मुलगा शपथेवर सांगेल की ‘माझ्याकडे चाललं होतं’, आणि ते खरंच असेल.

जळकोटच्या माणसाला हे समजावायला दूर जावं लागत नाही. शेजारी नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेलं आदिलशाही धरण आहे. त्याच्या पोटात पाणी महाल आहे, आणि पावसाळ्यात भिंतीवरून ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन धबधबे कोसळतात. बांधणाऱ्याने पाणी अडवताना जादा पाण्याची वाटही ठेवली, म्हणून खालच्या महालात माणूस कोरडा उभा राहू शकतो. धरण बांधायचं आणि सांडवा ठेवायचा नाही, असं इब्राहिम आदिलशहाच्या कारागिराने केलं नाही. पाइप न वाचता ‘वेटफॉर’ लिहिणारा नेमकं तेच करतो.

गोठलेला प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करणं हा आपल्याकडचा ठरलेला उपाय आहे. तो करण्याआधी पाच मिनिटं थांबून पाहिलं तर कारण समोर दिसतं. जावासोबत ‘जेस्टॅक’ नावाचं साधन मिळतं. ते चालवलं की प्रोग्रामचा कोणता धागा कुठे थांबला आहे ते दिसतं, आणि तो ‘वेटफॉर’वर बसलेला सापडतो. मग लिनक्सवर ‘पीएस’ने बाहेरची आज्ञा जिवंत आहे का ते पाहायचं. ती जिवंत असते. तिला ‘स्ट्रेस’ लावला की पडद्यावर एक अर्धवट ओळ उमटते: राइट, कंस, 2, स्वल्पविराम, पुढे मजकुराचा तुकडा, आणि ओळ तिथेच थांबलेली. तो 2 महत्त्वाचा. 1 म्हणजे उत्तराची वाट, 2 म्हणजे तक्रारीची. आज्ञा तक्रार लिहिता लिहिता अडकली आहे, हे त्या एका आकड्यावरून कळतं. ही ओळ ज्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली तो पुन्हा कधी तक्रारीची वाट न वाचता सोडत नाही.

हे सगळं नवं असतं तर एक वेळ समजून घेता आलं असतं. मायकेल डाकोंटा यांनी डिसेंबर 2000 मध्ये ‘जावावर्ल्ड’ या नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला होता. त्यांचं उदाहरण जावाच्याच ‘जावासी’ या आज्ञेचं होतं. ती काहीही न देता चालवली की वापराच्या सूचना तक्रारीच्या वाटेवर लिहायची, आणि त्या कुणी वाचल्या नाहीत तर गोठायची. पुढे जावाने स्वतःच सोयी वाढवल्या. 2004 मध्ये जावा 5 सोबत ‘प्रोसेसबिल्डर’ आला. त्यात एका ओळीत तक्रारीची वाट उत्तराच्या वाटेत मिसळून टाकता येते, म्हणजे एकच पाइप वाचला की झालं. 2011 च्या जावा 7 मध्ये दोन्ही वाटा थेट फाइलमध्ये वळवण्याची सोय आली. 2014 च्या जावा 8 मध्ये ‘वेटफॉर’ला मुदत घालता येऊ लागली: साठ सेकंद वाट पाहा, नाही आलं तर आज्ञा बंद कर आणि तसं सांग. तरीही खिडकीवरची चकती तासभर फिरते, याचं कारण भाषेत नाही. जुना नमुना कुठून तरी उचलून चिकटवण्याच्या सवयीत आहे.

दुसरा नेहमीचा बिघाड ‘एरर 2’ हा. जावा सांगतो, प्रोग्राम चालवता येत नाही, अशी फाइल नाही. माणूस जाऊन पाहतो तर फाइल तिथेच आहे. तो चक्रावतो, आणि चक्रावण्यासारखंच आहे, कारण या एका वाक्यामागे निदान चार वेगळी दुखणी असतात. आज्ञेचं नुसतं नाव दिलं असेल तर ती ‘पाथ’ या यादीतल्या ठिकाणीच शोधली जाते, आणि ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या ‘क्रॉन’ने रात्री चालवलेल्या कामाचा पाथ आपण हाताने चालवतो तेव्हाच्यापेक्षा बराच आखूड असतो. आज्ञा आहे, पण जिथे बसून काम कर म्हटलं तो फोल्डरच नाही, तरी हाच आकडा येतो. ‘सीडी’सारखी आज्ञा बहुधा वेगळी फाइल नसते, ती शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा समजून घेणाऱ्या प्रोग्रामच्या पोटातली, म्हणून ती जावाला सापडत नाही.

चौथं दुखणं आपल्याकडे फार. विंडोजवर नोटपॅडमध्ये स्क्रिप्ट लिहायची, पेनड्राइव्हवर घालून लिनक्सच्या सर्व्हरवर न्यायची. विंडोज ओळ संपवताना दोन खुणा टाकतं, लिनक्स एकच. जादाची खूण डोळ्यांना दिसत नाही, पण स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीत ‘बॅश’ या नावाला चिकटते, आणि लिनक्स ‘बॅश’ न शोधता ‘बॅश आणि एक अदृश्य खूण’ या नावाची फाइल शोधू लागतं. ती जगात कुठेच नसते. तक्रार अगदी खरी असते, फक्त ती तुमच्या स्क्रिप्टबद्दल नसते.

नावांचा प्रश्न तर मराठी माणसाला सर्वांत आधी भेटतो. फाइलचं नाव ‘जळकोट सात बारा’ असं ठेवलं आणि सगळी आज्ञा एका सलग ओळीत जावाच्या जुन्या ‘एक्झेक’ला दिली, तर जावा ती मोकळ्या जागेवर तोडतो. एका नावाची तीन नावं होतात. माणूस अवतरणचिन्हं घालतो, कारण काळ्या पडद्यावर तसं केलं की चालतं. इथे चालत नाही. अवतरणचिन्हांचा अर्थ शेलला कळतो, आणि मध्ये शेल नसतोच. ती चिन्हं पहिल्या आणि शेवटच्या तुकड्याला चिकटून जातात. उभ्या रेघेचं, ताऱ्याच्या खुणेचंही तेच. नावं वेगळी वेगळी करून यादीने द्यायची, हा नीट उपाय. ‘प्रोसेसबिल्डर’ त्यासाठीच आहे. सलग ओळ घेणारे ‘एक्झेक’चे प्रकार 2022 मध्ये जावा 18 पासून वापरू नयेत असं जावानेच जाहीर केलं.

त्याच देवनागरी नावाच्या जागी कधी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. हाताने चालवलं की नाव बरोबर, सर्व्हर आपोआप सुरू झाला की प्रश्नचिन्हं. लिनक्सवर अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवायची हे बहुधा ‘लँग’ या सेटिंगवरून ठरतं. सर्व्हर आपोआप उठतो तेव्हा ते अनेकदा कोरं असतं, आणि मग जावा बाहेर जाणारी नावं इंग्रजीच्या साध्या 128 खुणांमध्ये बसवू पाहतो. मराठीतलं एकही अक्षर त्यात बसत नाही. जावा 18 ने मजकुरासाठी यूटीएफ-8 हेच मूळ ठरवलं. बाहेरच्या आज्ञेला दिली जाणारी नावं मात्र अजून त्या सेटिंगवरच चालतात. सेवा सुरू करणाऱ्या फाइलमध्ये एक ओळ घातली की गावाचं नाव परत येतं. ती ओळ कुठे घालायची हे आपल्या किती पुस्तकांत सांगितलेलं असतं?

इथे एका सोप्या उपायापासून सावध राहायला हवं. अवतरणं चालत नाहीत म्हटल्यावर अनेक जण मध्ये शेल आणून बसवतात: ‘एसएच वजा सी’ आणि पुढे सगळी ओळ. काम होतं, आणि दारही उघडतं. त्या ओळीत नागरिकाने टाइप केलेलं नाव जसंच्या तसं चिकटवलं, तर नावाच्या जागी अर्धविराम आणि नवी आज्ञा लिहिणारा माणूस तुमच्या सर्व्हरवर हवं ते चालवू शकतो. बाहेरून आलेला मजकूर आज्ञा बनून चालणं हा कल्पनेतला धोका नाही. अमेरिकेत 2017 मध्ये इक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीत सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. चोर ‘अपाचे स्ट्रट्स’ या जावातल्या साधनाच्या फटीतून आत आले. फट बुजवणारी दुरुस्ती त्या वर्षीच्या मार्चमध्येच आली होती. ती वेळेत बसवली गेली नव्हती. या फटीचा फायदा घेणारा हल्ल्याचा जो नमुना उघडपणे फिरला, त्यात बाहेरची आज्ञा चालवायला ‘प्रोसेसबिल्डर’च वापरलेला होता. 2019 मध्ये कंपनीला तडजोडीत 70 कोटी डॉलरपर्यंत भरपाई मान्य करावी लागली. बाहेरच्या आज्ञेला हाक मारण्याची ताकद एवढी मोठी आहे, म्हणून ती कुणाच्या शब्दावर मारायची हे लिहिणाऱ्यानेच ठरवायला हवं.

आता शिकवण्याकडे वळू. महाराष्ट्रात संगणकाच्या पदविकेत जावा आहे, पदवीतही आहे. मुलं वारसा, इंटरफेस, थ्रेड पाठ करतात, प्रॅक्टिकलच्या वहीत प्रोग्राम आणि त्याचं उत्तर लिहितात, आणि वर्षाच्या शेवटी एक प्रोजेक्ट दाखवतात. वहीतलं उत्तर नेहमी बरोबर असतं, तिथे बिघाडाला जागाच नसते. चूक आली की ‘कॅच’मध्ये ती पकडायची आणि कंस कोरा ठेवून बंद करायची, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी पडद्यावर लाल ओळ दिसत नाही. हीच सवय पुढे कार्यालयात जाते. खिडकीवरच्या चकतीमागे असा एखादा कोरा ‘कॅच’ असतो.

यावर उपाय अवघड नाही, आणि त्याला नवी प्रयोगशाळाही लागत नाही. प्रॅक्टिकल परीक्षेत एक तरी प्रश्न बिघडलेल्या प्रोग्रामचा असावा. जावातून चालवलेली आज्ञा गोठते आहे, कुठे गोठली ते दाखवा. फाइल आहे तरी ‘एरर 2’ येतो आहे, कारण शोधा. पीडीएफ तयार झाली म्हणून प्रोग्राम सांगतो आणि फाइल सापडत नाही. आज्ञेने परत दिलेला एक्झिट कोड किती ते सांगा. 0 म्हणजे ठीक, 127 म्हणजे शेलला आज्ञा मिळाली नाही, 126 म्हणजे मिळाली पण चालवता आली नाही, 137 म्हणजे कुणीतरी तिला मारून टाकलं, बहुधा मेमरी संपली म्हणून यंत्रणेनेच. चार आकडे आहेत. पाढे पाठ करणाऱ्या मुलांना ते जड नाहीत. मात्र गुण उत्तराला नव्हे, शोधण्याच्या वाटेला द्यावेत: आधी काय पाहिलं, त्यावरून काय वगळलं, मग काय पाहिलं.

कार्यालयांच्या बाजूने तर कायदाच हाताशी आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. त्यानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते, आणि अर्ज नाकारायचा असेल तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला त्याचं कारण लेखी नोंदवावं लागतं. माणसाला हे बंधन आहे. त्याच माणसाच्या टेबलावरच्या प्रोग्रामला मात्र कारण न सांगता गप्प बसण्याची मुभा आहे, हे पटण्यासारखं नाही. सॉफ्टवेअर करून घेताना करारात तीन गोष्टी घालाव्यात: बाहेरच्या प्रत्येक आज्ञेला वेळेची मर्यादा, तिची तक्रार तारीख-वेळेसह लॉगमध्ये, आणि खिडकीवरच्या माणसाच्या पडद्यावर मराठीतलं एक सरळ वाक्य. स्वीकारण्याआधी चाचणीही साधीच घ्यावी. दहा नोंदींवर नको, अख्ख्या गावाच्या यादीवर घ्यावी. नावांत मोकळ्या जागा असलेल्या फाइलींवर घ्यावी. सर्व्हर बंद करून आपोआप उठू द्यावा आणि मग घ्यावी. कागदावर ‘जि. धाराशिव’ छापून पाहावं, नुसतं ‘जळकोट’ नव्हे.

मग खिडकीतला मुलगा ‘सर्व्हर डाऊन’ म्हणणार नाही. तो पडद्यावरची ओळ वाचेल: ‘उतारा तयार झाला नाही. मराठी फाँट सापडला नाही. वेळ 11:42, नोंद क्रमांक अमुक.’ ती ओळ तो छापून देईल. समोरचे काका ती घडी करून खिशात ठेवतील, आणि तुळजापूरला तहसीलमध्ये जायची वेळ आलीच, तर तिथल्या टेबलावर ठेवायला त्यांच्या हातात एक कागद असेल.